सहावी जागा

ही गोष्ट इंदूमावशीनं मला तीनदा सांगितली आहे. एकदा फोनवर. एकदा माझ्या आईसमोर. आणि एकदा तिच्याच स्वयंपाकघरात, हातातली कणीक तशीच ठेवून.

तिन्ही वेळा एकही तपशील बदलला नाही.

रचून सांगणारा माणूस दर वेळी थोडं तिखटमीठ वाढवतो. मावशीनं वाढवलं नाही. उलट ती एका ठिकाणी अडखळली. तिन्ही वेळा, त्याच ठिकाणी. म्हणून मी ही गोष्ट खरी मानते. तुम्ही काय ते ठरवा.

तारीख १४ जून २०२५, शनिवार. जागा, जबलपूरजवळ बरगी धरणाच्या मागचं पाणी.

इंदूमावशी मूळची वर्ध्याची. लग्न होऊन जबलपूरला गेली, त्याला आता छत्तीस वर्षं झाली. जगन्नाथकाका तिथल्या फॅक्टरीत होते. रिटायर झाल्यावर त्यांना पक्ष्यांचं वेड लागलं. गळ्यात दुर्बीण, खिशात छोटी वही, आणि सकाळी पाचला घराबाहेर. मावशी म्हणायची, "माझ्याकडं कधी इतकं टक लावून पाहिलं नाही यांनी."

फेब्रुवारीत काकांनी एका बोट सफरीच्या दोन जागा बुक केल्या. धरणाच्या मागं एक पाणथळ फाटा आहे. संध्याकाळी तिथले पक्षी, मगरी, पाण्यावर येणारी चितळं दाखवतात, आणि अंधार पडला की काजवे. जूनच्या आधी काजवे नसतात, म्हणून तारीख चार महिने पुढची मिळाली.

एप्रिलच्या नऊ तारखेला काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत.

तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. चौदाव्या दिवशी माणसं गेली. सिद्धेश, म्हणजे तिचा मुलगा, आणखी आठ दिवस राहिला, मग तोही पुण्याला गेला. सदर बाजारामागच्या गल्लीतल्या त्या दोन खोल्यांत मावशी एकटी उरली.

ती मला एकदा म्हणाली होती, "भाजीवाल्याशी हिंदी, शेजारणीशी हिंदी, दवाखान्यात हिंदी. स्वानंदी, मराठी बोलायला घरात माणूसच नाही राहिला. कधी कधी उगाच मोठ्यानं म्हणते, 'अहो, पाणी आलं का?' आवाज विसरू नये म्हणून."

जूनच्या सुरुवातीला काकांच्या फोनवर निरोप आला. 'जगन्नाथ जी, शनिवार को मिलते हैं। आपके दो लोग हैं।'

मावशी दोन दिवस तो निरोप बघत होती. सिद्धेश म्हणाला, "आई, एकटी काहून जातेस? कॅन्सल कर."

तिनं कॅन्सल केलं नाही.

शनिवारी दुपारी ती ऑटोनं निघाली. नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडून पुढं, धरणाच्या रस्त्यानं. काकांची दुर्बीण तिच्या पिशवीत होती.

घाटावर पोचली तेव्हा सहा वाजत आले होते. आभाळ गच्च दाटलेलं, पण पाऊस नाही. वारा पडलेला. अंगाला चिकटणारा उकाडा.

गाईड शैलेंद्र नावाचा तरुण माणूस होता. बोट चालवणारे बर्मनदादा साठीचे, काळेसावळे, कमी बोलणारे. बोट लहानशी. आडव्या तीन फळ्या, एकेका फळीवर दोघं. पहिल्या फळीवर प्रतीक आणि दुर्वा, नवीन लग्न झालेलं जोडपं. मधल्या फळीवर कॉलेजातल्या दोघी मैत्रिणी. शेवटच्या फळीवर मावशी...

आणि तिच्या डावीकडं मोकळी जागा.

शैलेंद्रनं सहा लाइफ जॅकेट आणली होती. एक उरलं.

"आंटी, अंकल कहाँ हैं?"

मावशी म्हणाली, "वो नहीं आएंगे."

त्याला वाटलं, तब्येत बरी नसेल. तो जॅकेट उचलायला वाकला, तर मावशीच्या तोंडून निघून गेलं, "रहने दो ना भैया. वहीं रहने दो."

ते नारिंगी जॅकेट तिच्या शेजारी तसंच पडून राहिलं. कोरडं, कडक, पट्टे सुटे.

निघताना शैलेंद्रनं नियम सांगितले. अंधार पडला की मोबाईल बंद. टॉर्च नाही. आवाज नाही. अंधारात कोणी दिसत नाही, म्हणून तो म्हणेल तेव्हा प्रत्येकानं आपला नंबर बोलायचा.

"एक." प्रतीक.

"दो." दुर्वा.

"तीन." "चार." त्या दोघी.

"पाच." मावशी. मोजताना तिचं मराठीच बाहेर यायचं.

दुर्वानं वळून पाहिलं. "मावशी, तुम्ही मराठी आहात? मी पण. मला बोलता कमी येते, समजते पूर्ण."

मावशी मला सांगत होती, "त्या पोरीनं नुसतं 'मावशी' म्हटलं अन् मला माहेरचं कोणी भेटल्यासारखं वाटलं बघ."

पहिला तास फार सुरेख गेला. वाळक्या खोडांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. चिखलात एक मगर पडली होती, तोंड उघडं ठेवून, जणू दगडाची. पलीकडच्या काठावर चितळांची पाच-सहा डोकी एकदम वर झाली. मावशीनं दुर्बीण काढली, पण तिला ती नीट लावता येईना. काका लावून द्यायचे.

मग उजेड कमी झाला. पक्षी गप्प झाले.

फाट्याच्या तोंडाशी बर्मनदादांनी इंजिन बंद केलं आणि वल्हं घेतलं. ते मावशीच्या अगदी मागं बसले होते. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता.

वल्ह्याचा आवाज. थेंबांचा आवाज. बस्स.

वळण घेतलं... आणि समोर ते झाड होतं.

पाण्यातल्या उंचवट्यावर एकच अर्जुनाचं झाड. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत काजव्यांनी भरलेलं. हजारो असतील. सगळे एकदम पेटायचे, एकदम विझायचे. पुन्हा पेटायचे. झाड श्वास घेत असल्यासारखं.

पुढं दुर्वाचा एक हुंकार तेवढा ऐकू आला.

मावशी रडत होती. आवाज न करता.

तेव्हा तिला ते दिसलं.

झाडाच्या बुंध्याशी, मुळांपाशी, एक जागा रिकामी होती. तिथं काजवे नव्हते. चारी बाजूंनी चमकत होते, मधली जागा काळी. तिला वाटलं, दगड असेल.

काजवे विझले. पेटले.

आता ती काळी जागा नीट दिसली. गुडघे पोटाशी घेऊन कोणी बसावं, तसा आकार. वर डोकं. खाली पाय.

विझले. पेटले.

डोकं बोटीकडं वळलेलं होतं...

विझले.

पेटले.

बुंध्याशी आता सगळीकडं काजवे होते. रिकामं काहीच नव्हतं.

कोणालाही भीती वाटली असती. मावशीला वाटली नाही. तिच्या डोक्यात एकच माणूस होता. दोन महिने ती ज्याला हाका मारत होती, तो.

आणि ती हळूच बोलली. इथंच ती तिन्ही वेळा अडखळली.

"या ना," ती म्हणाली. "इथं जागा आहे. या, बसा."

पाच-सात श्वास गेले असतील.

बोट डावीकडं कलली.

फार नाही. एक माणूस चढला की कलते, तेवढीच.

"कौन हिला?" मागून बर्मनदादांचा दबका आवाज.

सगळे झाडाकडं बघत होते. पाण्यात काही पडल्याचा आवाज नव्हता, कोणी चढल्याचा नव्हता. आणि मग, मावशीच्या अगदी शेजारी, अंधारात...

टक.

जॅकेटचा पट्टा लागल्याचा आवाज.

मावशीनं मान वळवली नाही. हिंमत नव्हती असं नाही. ती म्हणते, "मला वाटलं पाहिलं तर नसतीलच. म्हणून नाही पाहिलं."

झाडावरचे काही काजवे उडत बोटीत आले. दुर्वाच्या केसांत एक बसला. मैत्रिणींच्या खांद्यांवर दोन-तीन. मावशीच्या पदरावर चार. एकेकाचा हिरवट उजेड लुकलुकत होता.

तिच्या डावीकडं एकही आला नाही. यायचे, आणि त्या जागेला वळसा घालून जायचे.

शैलेंद्रनं हळूच सांगितलं, "चलो, अब लौटते हैं. नंबर बोलिए."

"एक."

"दो."

"तीन."

"चार."

"पाच," मावशी म्हणाली.

आणि मग...

"छै."

हलकासा आवाज. घसा बरेच दिवस वापरला नसावा, तसा.

"बढ़िया, पूरे छह," शैलेंद्र म्हणाला. त्याच्या यादीत सहाच नावं होती. अंधारात, गडबडीत, त्याच्या लक्षात आलं नाही.

बर्मनदादांचं वल्हं मात्र थांबलं. मागं ते ओठांतल्या ओठांत "नर्मदे हर, नर्मदे हर" म्हणू लागले. मग वल्हं पुन्हा चालू झालं. पहिल्यापेक्षा घाईनं.

मावशीला तेव्हाच कळायला हवं होतं. काका छत्तीस वर्षं जबलपुरात राहूनही मोजायचे मराठीतच. सहा म्हणायचे. छै त्यांनी जन्मात म्हटलं नव्हतं.

पण तिला कळून घ्यायचं नव्हतं.

ती बोलायला लागली. अगदी हळू, पदर तोंडाशी धरून. सिद्धेश नीट जेवत नाही. वरच्या टाकीचा नळ गळून राहिला. तुमची वही मी कपाटात ठेवली, कोणाला हात लावू दिला नाही. तुम्ही काही न सांगता काहून गेले?

शेजारून उत्तर नव्हतं. फक्त प्रत्येक वाक्यानंतर...

"हं."

कोणी तरी ऐकत होतं. ती म्हणते, त्या वीस मिनिटांत जेवढं बोलले, तेवढं दोन महिन्यांत बोलले नव्हते.

मग तिनं हात पुढं केला. फळीवर चाचपडत. एक हात सापडला. तिनं तो धरला.

गार. ओला. कातडी सुरकुतलेली, कपडे धुऊन धुऊन बोटं होतात तशी.

काकांच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं होतं. मशीनमध्ये गेलेलं. मावशीचा अंगठा सवयीनं तिकडं गेला.

बोट पूर्ण होतं.

पाचही पूर्ण होती. आणि हात लहान होता. बाईचा की पुरुषाचा, म्हाताऱ्याचा की तरुणाचा, हे ती आजही सांगू शकत नाही. एवढंच सांगते, की तो तिच्या माणसाचा नव्हता.

तिला हात सोडवायचा होता. पण त्या हातानं तिचा हात घट्ट धरला होता. ओढत नव्हता. दुखवत नव्हता. गर्दीत हरवू नये म्हणून धरतात, तसा धरला होता.

आणि मग त्यानं विचारलं.

"घर दूर है?"

मावशीनं हात ओढून पाहिला.

"कौन-कौन है घर में?"

आणि मावशीच्या तोंडून, तिला न विचारता, खरं ते निघून गेलं.

"कोई नहीं."

मग अगदी कानाशी... गाळाचा वास आला, जुन्या विहिरीसारखा...

"तो हम चलें संगे?"

मावशीनं मला जे सांगितलं, ते मी तसंच सांगते. ती म्हणाली, "स्वानंदी, मी लगेच नाही म्हटलं नाही. खोटं काहून बोलू? एक क्षण मला वाटलं, चालू दे. कोणी का असेना. घरात दुसरा श्वास तर असेल. रात्री कूस बदलली तर कोणी तरी असेल. तुला नाही कळायचं ते."

मग तिला सिद्धेशचा चेहरा आठवला. दिवाळीत तो घरी येणार होता. त्या घरात. त्या अंधाऱ्या खोलीत त्याच्याआधी कोणी तरी येऊन बसलेलं असणार होतं...

"नको," ती म्हणाली. मग हिंदीत, "नहीं. तू मेरा आदमी नहीं है. मैंने तुझे नहीं बुलाया था. उतर जा."

हात तसाच होता.

"उतर जा," ती पुन्हा म्हणाली. "हात जोडते तुझ्यापुढं."

हाताची पकड सैल झाली. एकेक बोट सुटलं.

आणि मग तिला रडणं ऐकू आलं. मोठ्यानं नाही. तोंडावर हात दाबून रडावं तसं. रडू कोणाला ऐकू जाऊ नये याची सवय असलेल्या माणसासारखं. मावशी म्हणते, दोन महिने रोज रात्री ती स्वतः तशीच रडत होती. तोच आवाज.

बोट उजवीकडं हलली. हलकी झाली.

पाण्यात काही पडल्याचा आवाज नव्हता.

रडणं मागं राहिलं. लांब जात गेलं. मग बर्मनदादांनी इंजिनची दोरी ओढली आणि दुसरं काही ऐकू येईना.

घाटावर दिवे होते. उतरताना शैलेंद्रनं एकेकाला हात दिला आणि मोजलं. पाच झाले. त्यानं बोटीत पाहिलं. पुन्हा मोजलं.

"छठा किधर है?" त्याचा चेहरा उतरला. "छह लोग बोले थे ना? मैंने सुना था!"

"अरे, पाँच ही थे शुरू से," प्रतीक म्हणाला. "एक तो आए ही नहीं थे."

शैलेंद्र मागच्या फळीपाशी गेला. ते नारिंगी जॅकेट तिथंच होतं. पण सरळ उभं. तिन्ही पट्टे नीट लावलेले, आत कोणी नाही. त्यानं उचललं तर खालून पाण्याची धार लागली.

बोटीत दुसरीकडं कुठंच पाणी नव्हतं.

दुर्वा मावशीजवळ आली. "मावशी, तुम्ही कोणाशी बोलून राहिल्या होत्या? मला वाटलं, मागच्या मागं काका आले. कोणी तरी हं, हं करत होतं ना?"

दुर्वानं तिला घट्ट धरलं. त्या रात्री प्रतीक आणि दुर्वानंच तिला गाडीतून घरी सोडलं.

निघायच्या आधी बर्मनदादा तिच्याजवळ आले. इतका वेळ ते नदीकडं तोंड करून उभे होते.

"अम्मा, किसी को बुलाया था आपने?"

मावशीनं मान हलवली. "अपने आदमी को."

"नाम लेके बुलाया था?"

नाव कुठलं घेणार? छत्तीस वर्षांत तिनं नवऱ्याला नावानं हाक मारली नव्हती.

बर्मनदादांनी पुन्हा नदीकडं पाहिलं. मग म्हणाले, "इस पानी पे बिना नाम लिए 'आओ' नहीं बोलते अम्मा. पता नहीं कौन अपने को समझ ले."

"कौन है वो?"

"मालूम नहीं," ते म्हणाले. "हमने कभी पूछा नहीं."

एवढंच. धरण झालं तेव्हा पाण्याखाली गावं गेली, हे सगळ्यांना माहीत आहे. कोणी तिथलं असेल. नसेलही. मी नंतर चौकशी केली. कोणी काही सांगू शकलं नाही. त्या झाडाशी कोणी बुडाल्याचंही कोणाला आठवत नाही.

मावशी आजारी पडली नाही. तिला स्वप्नं पडत नाहीत. घरात आवाज येत नाहीत. तिनं त्याला घरी आणलं नाही, आणि ते खरोखरच आलं नाही. सिद्धेश पुण्याला चल म्हणतो, ती जात नाही.

मी तिला विचारलं, "मावशी, अजून भीती वाटते का गं?"

ती कणीक मळत होती. हात थांबले.

"भीती नाही वाटत," ती म्हणाली. "लाज वाटते. सगळं माझंच सांगत बसले त्याला. वीस मिनिटं त्यानं ऐकलं. अन् त्याचं नावसुद्धा विचारलं नाही मी."

गेल्या जानेवारीत मी पुन्हा तिच्याकडं गेले होते. दार तिनंच उघडलं. माझ्याकडं बघत होती, ओळखीचं हसू चेहऱ्यावर होतं. पण ती दारातून हलेना.

"मावशी, अगं मी."

ती थांबून राहिली.

"मी. स्वानंदी."

तेव्हा ती बाजूला झाली. 'ये' म्हणाली नाही. मी आपली चपला काढून आत गेले.

दोन दिवस राहिले. कोणी ना कोणी यायचं. गॅसवाला आला, शेजारीण आली. मावशी प्रत्येकाला आधी नाव विचारायची. आणि आत यायला कोणालाच सांगायची नाही. माणसं अवघडून दारातूनच परत जायची. शेजारीण मला म्हणाली, "आंटी पहले ऐसी नहीं थीं."

निघताना मी वाकून नमस्कार केला. बॅग उचलली.

"मावशी, येते हं."

मराठी घरात याला एकच उत्तर असतं. माझ्या आईच्या, आजीच्या तोंडून मी ते हजारदा ऐकलं आहे. मावशीचे ओठ त्यासाठी हललेही. पण ती थांबली. माझ्या खांद्यावरून मागच्या रिकाम्या जिन्याकडं तिनं पाहिलं.

मग माझा हात तिनं दोन्ही हातांत धरला. बराच वेळ सोडला नाही.

आणि म्हणाली,

"जा."